पश्चिमेचा आकडा

४ फेब्रुवारी

शंभर घरं, एक वाजायच्या आत! आणि एकही पिंप न सोडता. डासांच्या प्रयोगशाळेच्या मॅडम बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही झाकण उचलायच्या आधीच सांगता आत अळ्या आहेत की नाहीत!" सांगतेच मुळी. बावीस वर्षं पिंपांत बॅटरी मारतेय, उगाच नाही. पाण्यावर सावली पडली की अळ्या तळाला पळतात, म्हणून मी उन्हाला पाठ करून कधी उभी राहत नाही. कुठल्या पुस्तकात आहे हे?

काम असं — आधी वस्तीच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या शंभर-शंभर घरांत अळ्या मोजायच्या. मग पूर्वेला दर आठवड्याला प्रयोगशाळेतले वांझ नर डास सोडायचे. त्यांच्याशी जमलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. पश्चिमेला काहीच सोडायचं नाही. ती तुलनेला. शेवटी दोन्हीकडे पुन्हा मोजायचं. मॅडमचा नियम एकच: "मोजा, लिहा, पाणी होतं तसं ठेवा."

मोजणारी मी एकटी. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा भरवसाच नाही!

५ फेब्रुवारी

आमच्या ह्यांना सांगितलं, नर डास चावत नाही, नुसता गुणगुणतो. मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "लग्न झालेला असेल बिचारा." शिंपी आहेत, पण जीभ कात्रीची.

१२ फेब्रुवारी

पूर्वेला एकतीस घरांत अळ्या, पश्चिमेला तीस. मॅडम म्हणाल्या, "इतके जुळणारे भाग मिळत नाहीत." मिळतात हो, मोजणारी धड असली की मिळतात.

१९ मार्च

पूर्व एकोणीस! नर कामाला आले. येताना पोरं मागे लागली, "अळीमावशी, अळीमावशी!" ओरडा बाबांनो. कलेक्टरीणबाईच्या मागे तरी कुणी लागतं का?

पश्चिमेचं उद्या लिहीन.

९ एप्रिल

पूर्व दहा. पश्चिम अकरा.

मॅडमनी कागद खाली ठेवला, परत उचलला. "इथे तर एकही नर सोडला नाही. मग अळ्या गेल्या कुठे?" मी म्हटलं, ऊन वाढलंय, पाणी आटतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी पिंपाच्या झाकणाकडे.

१० एप्रिल

इथे लिहिते, कारण आणखी कुणाला सांगायची सोय नाही. पश्चिमेच्या पिंपांतलं पाणी मोजून झालं की मीच ओतून देते.

पहिल्यांदा चौदा नंबरला ओतलं. तिथल्या बाईची धाकटी मागच्या वर्षी डेंगीच्या तापाने अकरा दिवस दवाखान्यात होती. सलाइन लावलेला तो एवढासा हात मी बघितलाय. आणि त्याच घरातल्या पिंपात अळ्या वळवळताना मोजायच्या, 'आहेत' असं लिहायचं, झाकण लावायचं आणि निघायचं? नाही जमलं. मोजलं, खरा आकडा लिहिला, मग पिंप आडवं केलं. अंडी पाण्यात नसतात, कडेला चिकटून असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून कडाही घासल्या. मग पंधराला गेले. तिथेही तेच. एकाला न्याय आणि दुसऱ्याला अन्याय का? पूर्वेला निदान नर तरी होते, इथे कुणीच नाही.

आकडा एकही खोटा लिहिला नाही! पण पुढच्या खेपेचा आकडा मीच आदल्या खेपेला पाडून ठेवला.

१५ एप्रिल

वरच्या साहेबांचं पत्र आलं. दोन्ही भाग सारखेच उतरले, म्हणजे तुमच्या नरांनी काही केलेलं नाही, ऋतूच तसा आहे. महिनाअखेर प्रयोगशाळा बंद. मॅडमची चार वर्षं त्यात गेलीत. लग्न पुढे ढकललं, आईच्या आजारपणात जाता आलं नाही. आज त्या पिंजऱ्यांतल्या डासांना साखरपाणी देत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

आमचे हे म्हणतात, "तोंड उघडलंस तर बावीस वर्षांवर पाणी फिरेल." आणि नाही उघडलं तर मॅडमच्या चार वर्षांवर फिरेल, त्याचं काय?

१८ एप्रिल

सांगितलं. उभ्यानेच. बसायची हिंमत नव्हती.

मॅडम भडकल्या. भडकणारच! "मोजणाऱ्यानेच आकडा हलवला तर मी कुणावर विश्वास ठेवायचा, मावशी?" जमीन दुभंगावी असं वाटलं. मग पश्चिमेचे कागद पुढे ओढले. मग म्हणाल्या, "सगळ्या शंभर घरांत? दर खेपेला? कडा घासून?" हो म्हटलं. "मी दर आठवड्याला चाळीस हजार नर सोडते, आणि तुम्ही एकट्या—" आणि हसायलाच लागल्या. शिव्या खाऊन आले आणि छाती फुगली. निर्लज्जपणाच म्हणायचा!

साहेबांकडून त्यांनी एक महिना मागून घेतला. तोवर पश्चिमेला मी फिरकायचंसुद्धा नाही. पाणी साचून अळ्या परत वाढल्या आणि पूर्व खालीच राहिली, तर नरांचं काम सिद्ध. नाही वाढल्या तर प्रयोगशाळेला कुलूप. "साहेब कारणं ऐकणार नाहीत, आकडा बघतील," म्हणाल्या. चौदा नंबरला तेवढं झाकण घट्ट लावायला सांगू का विचारलं. "मावशी!" एवढंच म्हणाल्या.

३ मे

हात शिवशिवतात. घरातलीच पिंपं तीनदा घासली. हे म्हणतात, आता पातेलीही झिजतील. आयुष्यात पहिल्यांदा अळ्या वाढाव्यात म्हणून देवाला हात जोडले. आणि त्याच हातांनी धाकटीला ताप येऊ नये म्हणूनही. देवाने तरी काय करावं!

१९ मे

पूर्व नऊ. पश्चिम चार.

हात लावला नाही, शपथ! चौदा नंबरची बाई पिंप आडवं करून घासत बसली होती. म्हणाली, "महिनाभर आला नाहीत, मावशी. वाटलं आजारी पडलात. मग आम्ही बायकांनीच घरं वाटून घेतली, तुमच्यासारखंच ओतायचं नि घासायचं."

मॅडम कोपऱ्यावर गाडीत आकड्यासाठी थांबल्या होत्या. चार लिहिताना छाती परत फुगली, आणि तोच कागद त्यांच्या हातात दिला. आम्ही दोघीही रडलो. त्या का रडल्या ते मला माहीत आहे. मी का रडले, ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.