हरिप्रियेची शंभरी

॥ श्री ॥
तंजावर,
१० जून २०२५

चि. हरिप्रियेस,
कृष्णकांत आजोबांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर तुझा आकडा ऐकला आणि मला दुसरे काही सुचेना. एकशे चार म्हणजे काय खायचे काम आहे? मी रेल्वेच्या ऑफिसात असताना आमच्या क्रिकेटच्या संघातून कितीतरी वर्षे खेळलो, पण चाळीसच्या पुढे कधी गेलो नाही. आपल्या घराण्यात शंभरी गाठणारी तूच पहिली. बाकीच्या मुली म्हणे अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, फार तर नव्वद, आणि आमची पोर एकटी शंभराच्या पलीकडे. बोलताना तुझा आवाज भरून आला होता. फोन ठेवल्यावर मीही डोळे पुसले, पण हे तुझ्या अप्पाला सांगू नकोस, तो चिडवील.

सकाळी कापीच्या (कॉफीच्या) दुकानात माझ्या मित्राला, सुब्बाला सांगितले. तो म्हणाला, गोल्फ हा साहेब लोकांचा खेळ, तुमची नात त्यात कशी शिरली. मी त्याला सांगितले की माझ्या मुलाच्या, गिरीधरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातले कोरियन साहेब परत जाताना आपल्या काठ्यांचा जुना संच देऊन गेले, आणि आमच्या पोरीने तीन वर्षांत त्याचे सोने केले. त्यावर सुब्बाने माझ्या कापीचे पैसे दिले.

आता खरी बातमी. बावीस तारखेला, रविवारी, तुमच्या चेन्नईत नुंगंबाक्कमला आपल्या तंजावरी मराठी मंडळींचा मेळावा आहे. दरवर्षी बारावीच्या मुलांनाच शाल देतात. या वेळी मी मेळावा भरवणाऱ्या विजयालक्ष्मीबाईंना कळवले की मार्कांपलीकडेही जग असते. त्यांनी होकार दिला आहे. तुझा सत्कार होणार आणि तुझ्याविषयी मीच बोलणार. शनिवारी येतो. पुढचे ध्येय काय ठरवले आहेस तेही लिही, म्हणजे भाषणात घालता येईल. दीडशे म्हणत नाही, पण सव्वाशेला काय हरकत आहे?

तुझे मागचे पत्र तांबड्या शाईने तपासून सोबत ठेवले आहे. चुका कमी होत आहेत. फोनवर कुणीही बोलते, मराठी टिकायची तर ती लिहायलाच हवी. वेळेवर जेव आणि म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझा,
आजोबा


चेन्नई,
१३ जून २०२५

ती. ऊर्मी अक्कास,
स. न. वि. वि.

तुझ्या होस्टेलात फोन कुलपात ठेवतात हे एका परीने बरं आहे. हे मला बोलून सांगता आलं नसतं.

अक्का, मी जिंकले नाही. मी शेवटची आले. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालायला जितके कमी फटके लागतील तितकं चांगलं. अठ्ठ्याहत्तरवाली पहिली आली. एकशे चार हा सगळ्यात वाईट आकडा होता, आणि तो माझा होता. वाळूच्या एका खड्ड्यातून मला बाहेरच येता येईना. मारते आणि चेंडू परत माझ्या पायाशी. बरोबरच्या मुली बाजूला उभ्या राहून सावलीत पाणी पीत होत्या, माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन रडत बसले होते तेवढ्यात आजोबांचा फोन आला. त्यांनी किती झाले म्हणून विचारलं, मी सांगितलं. इतरांचे किती, तेही सांगितलं. ते ओरडलेच, म्हणाले, म्हणजे सगळ्यांना मागे टाकलंस. आणि मी हो म्हटलं. एवढंच केलं मी. एक हो. मला त्या दिवशी कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं.

मग त्यांनी अप्पांना फोन केला. अप्पांना खरं काय ते माहीत होतं, ते कामावरून घरी येताच मी त्यांना सांगितलं होतं. ते आजोबांना म्हणाले की पोर मेहनत करते, आणि विषय बदलला. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं आणि टीव्ही लावला. कारखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी यंदा बक्षीस आणणार. त्यांनाही तोंड दाखवायची पंचाईत झाली आहे. आम्ही दोघं घरात एकमेकांना चुकवत फिरतो आणि अम्माला वाटतं आमचं भांडण झालंय.

आमच्या कोच रंजनी मॅडमनी मला ध्येयं लिहून आणायला सांगितली होती. मी लिहिलं होतं, यंदा राज्यात पहिली, पुढच्या वर्षी भारताच्या संघात. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुसऱ्या मुली कशा खेळतील ते तुझ्या हातात आहे का? मग त्यांनीच सांगितलं की वर्षभरात शंभराच्या खाली ये, दोन वर्षांत नव्वदच्या. आणि तोवर आकड्याकडे बघूच नकोस. वाळूतून एका फटक्यात बाहेर यायला शीक आणि चुकल्यावर काठी आपटू नकोस. बस. मला ते ऐकून इतकं लाजल्यासारखं झालं. तीन वर्षं शिकून माझं ध्येय काय, तर काठी आपटायची नाही.

आणि आजोबांना हे सांगू तरी कशी? नात शंभराच्या खाली यायचं म्हणते, हे ऐकून ते म्हणतील पोरीला नजर लागली.

सत्काराचं कळलं असेलच. मी काय करू ते लवकर लिही. तुझा अभ्यास बुडाला तरी चालेल, माझ्यावरची माया बुडू देऊ नकोस.

तुझी,
हरी


तिरुच्ची,
१७ जून २०२५

चि. हरीस,
अनेक आशीर्वाद. (मी मोठी आहे, तेव्हा घे मुकाट्याने.) वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, खोटं कशाला बोलू. मग रविवारी तंजावरला आमच्या घरी गेले आणि हसू पळालं. आजोबांनी भाषण पाठ केलंय. आरशासमोर उभे राहून म्हणतात. त्यात एकशे चार हा आकडा येतोच, वर 'बाकीच्या मुली सत्तर-ऐंशीत अडकल्या' असंही वाक्य आहे. न्हाव्याला सांगून झालं, देवळातल्या भटजींना सांगून झालं.

मी तिथेच सांगून टाकणार होते. पण ते तुझ्या तोंडून कळायला हवं, माझ्या नाही. हरी, तू शेवटची आलीस यात काही लाज नाही, कुणीतरी शेवटचं येतंच. पण त्या सभागृहात सगळे तंजावरचेच नसतात. पुण्या-मुंबईहून कंपन्यांत आलेली माणसंही येतात, त्यांची मुलं गोल्फ खेळतात. आजोबा माइकवर आकडा सांगतील तेव्हा हसं तुझं होणार नाही, त्यांचं होईल. शनिवारी ते येतील. संध्याकाळी त्यांना घेऊन बीचवर जा आणि सांग. दोन मिनिटं त्यांना वाईट वाटेल आणि मग ते शेंगदाणे मागतील.

परीक्षा संपली की येते. तोवर रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी,
ऊर्मी


चेन्नई,
२४ जून २०२५

ती. आजोबांस,
हरिप्रियेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं अप्पांनी सांगितलं. हे पत्र मला तुम्ही यायच्या आधी लिहायला हवं होतं.

आजोबा, गोल्फमध्ये कमी आकडा चांगला असतो. जिला सगळ्यात कमी फटके लागतात ती जिंकते. मी सगळ्यात जास्त मारले. मी शेवटची आले होते. फोनवर तुम्ही चुकीचं समजलात ते मला त्याच क्षणी कळलं होतं आणि तरी मी हो म्हणाले.

शनिवारी बीचवर सांगणार होते. तुम्ही लाटांकडे बघत मला तुमच्या चाळीस धावांची गोष्ट सांगत होता. मी मनात म्हटलं, गोष्ट संपली की सांगते. गोष्ट संपली आणि तुम्ही म्हणालात, चल, उद्या भाषण आहे, घसा बसायला नको. मी तुमच्या मागून चालत आले.

रविवारचं तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आकडा सांगितलात आणि तिसऱ्या रांगेत काही लोक हसले. ते मकरंद काका आणि त्यांचे मित्र. काकांची मुलगी आमच्याच क्लबात खेळते, ती त्या दिवशी दुसरी आली होती. काकांनी तोंडाला रुमाल लावला. तुम्हाला वाटलं सगळ्यांना आनंद झालाय. तुम्ही बोलायचं थांबलात आणि त्यांच्याबरोबर हसलात. मी तुमच्या शेजारी उभी होते. मी मान खाली घातली आणि विजयालक्ष्मीबाई माइकवर म्हणाल्या, बघा मुलगी किती नम्र आहे.

शेवटची आल्याची लाज मला आता वाटत नाही. ती कुठच्या कुठे गेली. तुम्हाला हसताना बघितलं त्याची वाटते. जेवताना घास घेतला की ते आठवतं.

माझं खरं ध्येय तुम्ही विचारलं होतं. वर्षभरात शंभराच्या खाली यायचं. वाळूच्या खड्ड्यातून एका फटक्यात बाहेर पडायचं. चुकल्यावर काठी आपटायची नाही. एवढंच आहे. भाषणात घालण्यासारखं नाही.

तुम्ही रागवा. पण पत्र लिहायचं थांबवू नका, एवढंच मागते.

तुमची,
हरिप्रिया


॥ श्री ॥
तंजावर,
१ जुलै २०२५

चि. हरिप्रियेस,
आजोबांचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मला सगळे आधीच ठाऊक होते. रविवारी पंगतीत मकरंद माझ्या शेजारीच बसला होता. माणूस चांगला. त्याने खाली वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला खेळाचा नियम समजावून सांगितला आणि आधी हसल्याबद्दल माफी मागितली. तेवढ्यात पानावर पायसम आले. ते संपवून मगच उठलो, कारण मधेच उठलो असतो तर सगळ्यांनी पाहिले असते.

सोमवारी तू एग्मोर स्टेशनवर सोडायला आलीस. पाया पडलीस. मला वाटले आता सांगेल. गाडी हलेपर्यंत मी खिडकीतून तोंड काढून बसलो होतो. तू हात हलवलास. विळुपुरम येईपर्यंत मला फार राग आला होता, आणि खरे सांगतो, तो अजून पुरता गेलेला नाही. सभेत मी एकटाच वेडा ठरलो आणि माझी नात ते बघत उभी होती, हे मला पचायला वेळ लागेल.

पण घरी आल्यावर मला तो फोन आठवला. हरी, तू रडत होतीस. आनंदाने रडणारे पोर कसे बोलते आणि मोडून पडलेले कसे बोलते, हे मला कळत नाही असे नाही. मला त्या दिवशीही कळले असते. मी ऐकलेच नाही, कारण मला शंभरी हवी होती. तू एक हो म्हणालीस हे खरे. पण त्याआधी मी तुला दुसरे काही म्हणायला जागा ठेवली होती का? गिरीधरने फोनवर विषय का बदलला, तेही आता ध्यानात येते. माझा मुलगा आणि माझी नात, दोघांनाही वाईट बातमी मला सांगता येत नाही. याची लाज मला वाटते, आणि ती तुझ्यापेक्षा मोठी आहे, कारण माझे वय जास्त आहे.

सुब्बाला मी जाऊन सांगितले. त्याला हसू आवरेना. हसू दिले. विजयालक्ष्मीबाईंनाही सविस्तर लिहिले आहे. न्हाव्याला अजून सांगितलेले नाही, तेवढी हिंमत गोळा करतो आहे.

तुझ्या पत्रात चुका आहेत, पण त्याला तांबडी शाई लावली नाही. तुझे ध्येय मला समजले असे म्हणणार नाही. वाळूतून एका फटक्यात बाहेर येणे कितपत अवघड असते ते मला माहीत नाही. काठी न आपटणे मात्र अवघड आहे, मी संघात असताना दोन बॅटी मोडल्या आहेत.

यापुढे मी फोनवर आकडा विचारणार नाही. जेवलीस का एवढेच विचारीन. राग ओसरायला वेळ लागेल, माया आहे तिथेच आहे.

तुझा,
आजोबा


चेन्नई,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आजोबांस,
हरिप्रियेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

दसरा झाला, नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या अम्माने आणि मी काल पेटीत भरल्या. अप्पांच्या कारखान्यात सुट्टीनंतरची गर्दी आहे, ते दुसऱ्या पाळीला गेलेत. ऊर्मी अक्का येऊन गेली आणि माझे दोन नवे ड्रेस घेऊन गेली.

आज सामना होता. तुम्ही गेले तीन महिने फोनवर खरंच काही विचारलं नाहीत. आज दुपारीही फक्त जेवलीस का म्हणालात. मी जेवले म्हटलं आणि फोन ठेवला, कारण घरात पाहुणे होते आणि मला हे नीट सांगायचं होतं.

वाळूच्या खड्ड्यात दोनदा गेले. पहिल्यांदा एका फटक्यात बाहेर आले, दुसऱ्यांदा तीन लागले. काठी आपटली नाही. एकदा उचलली होती, पण हळूच खाली ठेवली. रंजनी मॅडम म्हणाल्या, घाई नाही, अजून आठ महिने आहेत.

माझा आकडा एकशे सहा. म्हणजे मागच्यापेक्षा वाईट. मी पुन्हा शेवटची आले, आजोबा. अम्माला माहीत नाही, अप्पा अजून कामावरून यायचेत. मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे.

कळावे. लोभ असाच असू द्यावा.

तुमची,
हरिप्रिया