न जुळलेले प्रयोग

प्रिय धाकट्या,

ताईचं पत्र, तेही पाकिटात घालून तिकीट चिकटवलेलं, म्हटल्यावर तुला आधी आईची काळजी वाटेल. आई ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ती जास्त कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. तुझा लेख ज्या अंकात आला त्याचं मुखपृष्ठ तिनं फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, की माझ्या मुलानं धातूशिवाय काहीतरी जोडून दाखवलं. काय जोडलं असं कुणी विचारलंच, तर म्हणते, ते त्यांच्यातल्यांनाच कळतं. फोन न करता पत्र का लिहिलं, ते शेवटी सांगते. आधी इथल्या बातम्या.

आमच्या नियतकालिकाचं काही खरं नाही. तुम्हा लेख पाठवणाऱ्यांना वाटतं, सेंद्रिय रसायनाचा अंक काढायचा म्हणजे लेख आले, तपासले, छापले, झालं. पूर्वी तसंच होतं. आता मालकांनी नवे व्यवस्थापक पाठवलेत. माणूस गोड बोलतो, खुर्चीवरून उठून दार उघडून देतो, पण त्याला जगात एकच आकडा दिसतो, इम्पॅक्ट फॅक्टर. यंदा तो तीनच्या खाली गेला, तर आमचा अंक बंद करून त्यांच्याच दुसऱ्या मोठ्या अंकात मिसळून टाकायचा, हे त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं. मिसळायचा म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. आमची टेबलं उचलणार आणि आम्हाला घरी पाठवणार.

गंमत बघ. गेल्या दोन वर्षांत आम्ही छापलेल्या लेखांचा यंदा इतरांनी कितीदा संदर्भ दिला, त्याला लेखांच्या संख्येनं भागायचं, एवढाच तो आकडा. चौथीतलं पोर करील. पण त्या भागाकारावर इथे माणसांची झोप उडालीय. आमचे उपसंपादक, ज्यांना सगळे दशांश म्हणतात, कारण त्यांना वेळ विचारली तरी ते तीन स्थळांपर्यंत सांगतील, ते रोज सकाळी तो नव्यानं काढतात. वर्गात एकाला शंभर मार्क पडले आणि बाकीचे काठावर पास झाले, तरी सरासरी झकास दिसते. आमच्या वर्गातला तो शंभरवाला तू आहेस. तुझा लेख वगळून काय होतं तेही दशांशांनी काढून दाखवलं. आकडा तीनच्या खाली, सरळ. मी तो कागद घडी घालून त्यांना परत दिला.

लेख आला तेव्हा संपादक असूनही मी त्याला बोटही लावलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. बहिणीनं भावाचा पेपर तपासायचा म्हणजे शेजाऱ्यांना आयतंच कोलीत. दशांशांनी तो बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवला, त्यांनी वाखाणला, मी छापून आल्यावरच वाचला. वाचून ऊर भरून आला होता, हे तेव्हा सांगायचं राहिलं.

आता व्यवस्थापकांना अंकाचा रोखच बदलायचाय. झाडापाल्यातून निघणारे रेणू, वर्षानुवर्षं खपून केलेली लांबलचक संश्लेषणं, हे म्हणे कोणी वाचत नाही. जे चलनात आहे तेच घ्या, नवे उत्प्रेरक घ्या, औषधांचे रेणू घ्या. इथवर मी मान डोलावली. पण त्यांना शेवटची चार पानंही नको आहेत. आमच्याकडे छापलेली कृती कुणी आपल्या प्रयोगशाळेत करून बघितली आणि ती जुळली नाही, तर त्यानं लिहून पाठवायचं आणि आम्ही छापायचं, ही आमची पहिल्या अंकापासूनची रीत. ‘न जुळलेले प्रयोग’. ह्या पानांचा संदर्भ कुणी देत नाही, उलट भागाकारात ती खाली जाऊन बसतात. व्यवस्थापक म्हणाले, ज्यांना जमत नाही त्यांची रडगाणी कशाला छापायची, नाचता येईना अंगण वाकडं. मी त्यांना सांगितलं, की रसायनात पुष्कळदा अंगण खरंच वाकडं असतं, आणि ते कुणीतरी सांगावं लागतं.

मागे तुझ्याकडे आले होते ते आठवतंय? तू मला तुझी नवी प्रयोगशाळा दाखवलीस. तुझे विद्यार्थी किती अदबीनं उभे होते! मला मात्र हसू येत होतं, कारण तू सदऱ्याच्या खिशातून तुझं ते ढवळायचं चुंबक काढलंस. बोटाच्या पेराएवढी कांडी, चंचुपात्रात टाकली की गरगर फिरून द्रावण ढवळणारी, कधीकाळी पांढरी असलेली, आता पार करडी. नवी डबाभर पडलेली असताना हीच का, तर म्हणे हिचा हात चांगला आहे, लेखातला प्रयोग पहिल्यांदा जमला तो हिच्यावरच. थेट बाबांवर गेलास. बाबांनी सुतळीचा तुकडा कधी टाकला नाही आणि दाढीचं ब्लेड पेन्सिलीला झिजवलं. जुनं ते सोनं. तेव्हा मी तुझी टिंगल केली आणि विसरून गेले.

परवा ते आठवलं. शेवटच्या चार पानांसाठी एक टिपण आलंय. लिहिणारी मुलगी अजून पीएच.डी. करतेय, तुझी तिची ओळख नाही. तिनं तुझी कृती शब्दाबरहुकूम केली. पुन्हा केली. काहीच झालं नाही, रेणूंच्या कड्या एकमेकींना जोडल्याच जाईनात. मग एके दिवशी शेजारच्या टेबलावरचं जुनं, करडं चुंबक उचलून टाकलं आणि सगळं तुझ्या लेखातल्यासारखं जमून आलं. तिनं ते चुंबक तपासायला दिलं. चिरांमध्ये आधीच्या कुणाच्या प्रयोगाचं पॅलेडियम, अशा जोडणीला एरवी लागतो तोच धातू, रुतून बसलं होतं. धातूशिवाय म्हणतोस ना, धातू त्या कांडीत होता. वाचता वाचता मला तुझा खिसा दिसला. राग नाही आला, भीती वाटली. तुझी विभागप्रमुखाची निवड तोंडावर आहे, तुझ्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध ह्याच अभिक्रियेवर उभे आहेत, आणि आमचा अंकही. ह्यावर निर्णय मी एकटीनं घ्यायचा नाही, म्हणून टिपण दशांशांपुढे ठेवलं. ते वाचून म्हणाले, छापायलाच हवं. एकही आकडा न सांगता बोललेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

ते छापलं जाणार आहे. पुढच्या सोमवारी तुला कार्यालयाचं पत्र येईल, ‘महोदय’ अशी सुरुवात असलेलं, खुलासा मागणारं, आणि त्यावर सही दशांशांची असेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. पाकिटाच्या कोपऱ्यात हाताला काहीतरी टणक लागलं असेल. ते फोनवरून पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र. नवं कोरं चुंबक आहे, कशालाही न लागलेलं. दार लावून घे आणि तोच प्रयोग एकदा ह्याच्यावर कर. जमला तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी आनंदानं खाईन. नाही जमला, तर दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तूच लिही. त्या मुलीच्या टिपणाशेजारी मी जागा धरून ठेवलीय. अंक राहील न राहील, मला दुसरीकडे काम मिळेल. आईला मी काही सांगितलेलं नाही. फ्रिजवरचं मुखपृष्ठ राहू दे तिथेच, ज्या अंकात तू स्वतःचं चुकलेलं छापशील त्याचं मी त्याच्या शेजारी लावीन.

सोमवारपर्यंत तरी फक्त तुझीच,
ताई