आधी दगड, मग लाह्या

हे मृत्युपत्र गेल्या महिन्यातच लिहायचं होतं. आधी कागद नव्हता, मग पेन मिळेना, मग एका ट्रकवाल्याबरोबर आठ दिवस भटकून आलो. आता उद्या सकाळी गळ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा पळवाट उरली नाही. तरी मी, वय सत्तावीस, धंदा असा एक नाही, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या वस्तूंची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी. डॉक्टर म्हणाले, "जिवाला तसा धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही." माझ्याकडे वारसा म्हणावा असा आवाजच होता.

कलम १. सायकल खालच्या न्हाव्याला. मागचा ब्रेक लागत नाही, हे त्याला सायकल मिळाल्यावरच सांगावे.

कलम २. तंबू, कंदील आणि बूट ट्रकवाल्याला. बूट त्याला होणार नाहीत, पण त्याची नजर त्यांच्यावर होती.

कलम ३. लाल कापडात बांधलेली वही. इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल.

आई-वडिलांमागे मला काकांनी वाढवलं. ते लग्न लावत. त्यांच्या जुन्या पोथीत विधींची सूत्रं होती आणि समासात चार पिढ्यांनी जागोजागी लिहिलेलं, 'आपल्याकडे असे नाही.' काका म्हणत, "सूत्र मोठं खरं, पण गावाचा आचार पाळा हेही सूत्रच सांगतं." आपल्याकडे नवरी आधी दगडावर पाय ठेवते, मग लाह्यांची आहुती. या दोहोंच्या मध्ये म्हणायची चार वाक्यं कोणत्याही छापील पुस्तकात नाहीत.

पोथीला वाळवी लागली. काकांनी अंथरुणावरून सगळं तोंडी सांगायला घेतलं. मी म्हटलं, "फोनमध्ये रेकॉर्ड करू?" तर म्हणाले, "त्याची मुंज झालीय का?"

आमच्यात मंत्राचे पहिले दोन शब्द लिहून पुढे 'इत्यादी' लिहायची रीत आहे. बाकीचं पाठ असतं असं धरून चालतात.

"पूर्ण लिहितोयस ना, भिंगरी?"

"अक्षर न् अक्षर, काका."

मला बस पकडायची होती. मी 'इत्यादी' लिहीत होतो. एकवीस दिवसांनी काका गेले. त्या चार वाक्यांतलं मला आज दीड येतं. ग्रंथालयातल्या बाईंना वही दाखवली. त्यांनी पानं चाळून विचारलं, "छान आहे हो, पण पुढचं कुठाय?"

कलम ४. काकांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, याला काहीही देऊ नये. पाच वर्षांपूर्वी त्याने एका लग्नात छापील पुस्तक उघडून लाह्या आधी घेतल्या. काकांनी भरमांडवात विधी थांबवला. "पुस्तकी पोपट!" म्हणाले. मला हसू फुटलं. दादा पिशवी उचलून जो गेला तो गेलाच. जाताना मला म्हणाला, "तू दात काढ. तुला तर पुस्तकातलंही येत नाही." हे मी विसरलेलो नाही. खरं होतं म्हणून विसरलो नाही.

पण त्याला ती वाक्यं माझ्याहून चांगली येत होती. म्हणून वही त्याला द्यावी. (हे वाक्य खोडलं समजावं.) माझ्याकडे त्याचा पत्ता नाही, आणि असता तरी कोणत्या तोंडाने देऊ? कलम ३ कोणाच्या नावे करायचं ते सुचेपर्यंत कोरं ठेवतो आहे.

साक्षीदार १: घरमालकीण मावशी (सही केली, "मला काय देतोस?" विचारलं. ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष चालत नाही असं वकिलाचा कारकून म्हणाला, म्हणून काही नाही.)

साक्षीदार २: न्हावी सायकलीमुळे बाद. जागा रिकामी.

ठिकाण: जिन्यावरची भाड्याची खोली. दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार.

(सही) भिंगरी

ता. क. मावशी आत्ताच धापा टाकत वर आल्या. "अरे, खाली कोण आलाय बघ. तुझा दादा म्हणवतो. म्हणतो, बाबांचं बरोबर होतं, आधी दगड, मग लाह्या. पण मधली चार वाक्यं काही केल्या आठवेनात त्याला. बाबांनी शेवटच्या पत्रात कळवलं होतं म्हणे, भिंगरीकडे सगळं पूर्ण लिहिलेलं आहे. पाठवू ना वर?"