खुंटीवरचा कोट

आमच्या घरच्या सरकारांना दुरून सप्रेम,

मी ठणठणीत आहे. उजव्या मनगटाला जरा पट्टी आहे, म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस. आईचा गुडघा कसा आहे?

ती बुजरी घोडी आठवते ना, कागद उडाला तरी उधळणारी? तिनेच पाडलं. मालकाने दिलेलं नवं कोरं जाकीट मिरवत बसलो होतो तिच्यावर. आता मी बरा होईपर्यंत ती नव्या स्वाराकडे आहे. वाटलं, दोन दिवसांत हाही लोळेल. कसलं काय! त्याच्याखाली गरीब गाईसारखी चालते. काल समोर कुणी फटकन छत्री उघडली, तरी नुसते कान टवकारून पुढे गेली. माझा असा जळफळाट झाला! वर्षभर चुचकारलं मी, लाथा खाल्ल्या मी, आणि ही त्याच्या बाहीत नाक खुपसते!

आज जवळून पाहिलं, तर त्या बाहीवर तू लावलेलं ठिगळ. माझाच जुना कोट! थंडी वाजली म्हणून त्याने खुंटीवरून उचललेला. काढायला लावला, तर घोडी लगेच मागच्या पायांवर उभी. बया माझ्या वासावर चालत होती.

तू लिहिलंस, आपली चिमी आता धाकट्या काकाच्याच खांद्यावर झोपते. बरंच झालं, तुझे हात मोकळे राहतात. सोबत माझा सदरा पाठवतोय. तिला घेताना काकाने तो खांद्यावर टाकायचा.

आणि धुऊ नकोस.

तुझाच,
मनगट सोडून बाकी शाबूत