वाऱ्यावर चालणारं मशीन

२ फेब्रुवारी
काकांकडे पोचलो. शहर सोडलं. मीच सोडलं. गोदामातला सुपरवायझर 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणाला हे खरं, पण माझं आधीच ठरत आलं होतं. त्याने नेहमीप्रमाणे घाई केली.
आता स्लो लाइफ. त्यावरचे सगळे व्हिडिओ बघून ठेवलेत. डबल स्पीडने.
काकांचं टेलरिंगचं दुकान. पुढे दुकान, मागे काकूची खोली, वर मी. काकू गेली त्याला वर्ष होत आलं. तिची खोली बंदच असते.
संकल्प: सकाळी लवकर उठणे, मोबाइल कमी, काकांच्या दुकानाचा ब्रँड करणे. मग पुढच्या गावी.

३ फेब्रुवारी
उशिरा उठलो. पण शांतपणे उठलो.

४ फेब्रुवारी, दुपार
इथे दुपारी सगळं बंद. बँक, सलून, मेडिकलसुद्धा. कुत्रे रस्त्याच्या मधोमध आडवे पडतात आणि गाड्या वळसा घालून जातात. शहरात एवढ्या वेळात मी चाळीस पार्सलं फेकायचो. फेकायचो म्हणजे ठेवायचो.
काय करायचं कळेना म्हणून पडून राहिलो. गुडघा आपोआप हलायला लागला. लहानपणी सुट्टीत इथे आलो की काकू त्याच गुडघ्यावर हात ठेवायची. ओरडायची नाही, नुसता हात. मला 'भिंगरी' म्हणायची.
डोळा लागत होता तेवढ्यात खालून मशीनचा आवाज. टक टक टक टक. काकूच्या खोलीतून.
घाबरलो नाही. पांघरूण घेतलं, कारण गारवा होता.

५ फेब्रुवारी
काकांना विचारलं. काकांच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे अडचणीचा प्रश्न आला की त्यांना बोलता येत नाही. टाचण्या काढून एवढंच म्हणाले की दुपारी झोपत जा.
झोपणारच होतो. ऑर्डर नको.

६ फेब्रुवारी, दुपार
पुन्हा तेच. टक टक, मग जरा थांबून, म्हणजे बाई कापड वळवून घेते तेवढं थांबून, पुन्हा टक टक. अगदी काकूसारखं.
काहीतरी खायला म्हणून खाली गेलो. समोर फक्त कटिंगचं टेबल. काका दुपारी त्यावरच झोपतात, निदान पूर्वी झोपायचे. उशी होती, उशीवर एक सुरकुती नव्हती. चष्मा टेबलावर. चपला दारात. काका फिरायला गेले असावेत. अनवाणी चालणं तब्येतीला चांगलं.
काकूच्या खोलीचं दार उघडलं नाही. न विचारता कुणाच्या खोलीत जाऊ नये, माझ्यावर संस्कार आहेत.
न खाताच वर आलो.

९ फेब्रुवारी
समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींना सहज विचारलं, दुपारी काही ऐकू येतं का. म्हणाल्या, येतं की, बरं वाटतं. माणूस गेलं तरी घराची चाल मोडू नये. आणि शर्टावर पाणी मारायला लागल्या.
अंधश्रद्धा. शिक्षण कमी पडतं. माझंही पडलं, पण माझा दृष्टिकोन वैज्ञानिक आहे.
वरच्या खोलीला कडी बसवली. डास फार आहेत.

१० फेब्रुवारी
उलगडा झाला. काकूच्या खोलीला मागे खिडकी आहे. खिडकीतून वारा. मशीनचा चामड्याचा पट्टा जुना झालेला, सैल. सैल पट्ट्याचं चाक वाऱ्याने फिरतं. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मीच काढलं.
उपाय: पट्टा काढून टाकणे आणि इलेक्ट्रिक मोटर बसवणे. वारा बंद, स्पीड चौपट. काकांना सरप्राइज. ब्रँडचा श्रीगणेशा.
यात भीतीचा काही संबंध नाही.

१३ फेब्रुवारी
काका कापड बाजारात गेले होते. मेकॅनिकला बोलावलं. त्याला म्हटलं, आधी तू आत जा. तो म्हणाला, का? म्हटलं, पाहुण्याला मान.
खोलीत सगळीकडे धूळ. कपाटावर, आरशावर, बटणांच्या बरण्यांवर. पायडल मात्र चकचकीत. सुईत दोरा नाही, बॉबिन रिकामी, सुईखाली शर्टाचा एक तुकडा नुसताच ठेवलेला. नुसत्या वाऱ्याने पायडल असं स्वच्छ राहतं! माझा मुद्दा सिद्धच झाला.
मोटरच्या बदल्यात माझे हेडफोन मेकॅनिकला दिले. स्लो लाइफमध्ये हेडफोन लागत नाहीत. जुना पट्टा त्याने मागितला, देऊन टाकला.
संध्याकाळी दोरा ओवून काकांना दाखवलं. त्यांनी बटण दाबलं. घर्र. एका श्वासात हातभर शिलाई. बंद केलं. पुन्हा नाही दाबलं. 'छान आहे,' म्हणाले आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.
भारावले असणार.

१४ फेब्रुवारी, दुपार
आवाज नाही. जिंकलो.
इतकी शांतता की भिंतीवरची पाल चालते ते ऐकू येतं. गुडघा हलतोय. झोप नाही. आवाज होता तेव्हा खरं तर झोप बरी लागायची, पण तो योगायोग.

१६ फेब्रुवारी
शांतता वाढलीये. शांतता वाढते का? पण वाढलीये. दुपारी जिन्यात येऊन बसलो, उजेड बरा असतो म्हणून. काका टेबलावर पाठ टेकून पडलेले, डोळे उघडे. मागच्या दाराकडे बघत होते. मला वाटलं आता त्या दारातून कोणीतरी येईल. मीही बघत बसलो. कोणी आलं नाही. हेच जास्त वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी
काकांनी गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. मी म्हटलं, काका, थकवा असेल, प्रोटीन घ्या. जेवले नाहीत.
इस्त्रीवाल्या मावशी दारातूनच विचारून गेल्या की घराला काय धाड भरलीये, मेल्यासारखं का पडलंय. मी ब्रँडबद्दल सांगायला लागलो तर निघून गेल्या.

१९ फेब्रुवारी
ताईचा फोन. ताई म्हणजे काकांची मुलगी, लांब असते. वर्षभर ती 'बाबा, माझ्याकडे या' म्हणत होती आणि ते नाही म्हणत होते. काल स्वतःहून फोन करून म्हणाले, येतो, महिनाअखेर दुकान बंद करतो. तिला आनंद झालाय, पण आवाज रडका होता. मला विचारलं, तिथे काही झालं का?
म्हटलं, काही नाही, उलट मोटर बसवली.
मला काय, मी मोकळा. पायाला भिंगरीच आहे. दहा शहरं पडलीत. एकाही शहरात माझ्यासाठी दार उघडणारं कोणी नाही, पण त्यामुळेच नव्या ओळखी होतात.
बॅग भरायला घेतली. भरून झाली. फार लवकर भरली.

२० फेब्रुवारी
इस्त्रीवाल्या मावशींकडे शर्ट द्यायला गेलो. त्यांना ताईचं सांगितलं. त्यांनी शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवली. मग म्हणाल्या की तुझ्या काकांना जन्मात कधी शांततेत झोप आलेली नाही. दुपारी ते टेबलावर पडायचे आणि आत तुझी काकू मशीन मारायची. मशीन थांबलं की यांना जाग. ती गेली, तेव्हापासून स्वतःच आत जाऊन बसतात आणि रिकामं मशीन मारतात. झोप नाही मिळत, पण दुपार निघते.
'तुला काय वाटलं, कोण चालवतंय?'
मी म्हटलं, वारा.
त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. इस्त्रीपेक्षा ते जास्त चटका देणारं होतं.
मला संशय होताच. खात्री करून घेत होतो.

२१ फेब्रुवारी
मेकॅनिककडे गेलो. त्याने पट्ट्याने कुत्रं बांधलंय. कुत्रं मोठं आहे, पट्टा परत मागणं कुत्र्याच्या दृष्टीने बरोबर ठरलं नसतं. नवा पट्टा घेतला, मोटर परत दिली. हेडफोन त्याच्या गळ्यात होते. छान दिसत होते.

२२ फेब्रुवारी, दुपार
काका टेबलावर पडले होते. मी काकूच्या खोलीत एकटा गेलो. आधी खिडकी लावून घेतली, वाऱ्याचा संशय नको म्हणून. पट्टा चढवला, स्टुलावर बसलो, पायडलवर पाय ठेवला. बाकी काही करावं लागलं नाही. माझा पाय जे जन्मभर फुकट करत आला तेच त्याने केलं. टक टक टक टक.
पुढून काही हालचाल नाही. मी जोरात मारत होतो, चाळीस पार्सलांच्या हिशोबाने. लवकर आटपलं म्हणजे सुटलो.
मग काकांचा आवाज आला. झोपेतला.
'अगं, जरा हळू. कुठे जायचंय आपल्याला?'
मानेवर काटा आला. मी मागे बघितलं नाही. हळू केलं. कापड वळवून घेतल्यासारखं मधे थांबलो, पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने टेबलावरून घोरणं ऐकू आलं.
थांबता येईना. थांबलं तर जाग येणार. चारपर्यंत मारत बसलो.

२५ फेब्रुवारी
ताईला काकांनी कळवलं की यंदा जमायचं नाही, गिऱ्हाइकं खोळंबलीत. पँटवाल्याला नवी पँट शिवून दिली, एक पाय उजवा.
मला काही म्हणाले नाहीत. तोंडात टाचण्या होत्या. ताटात मात्र एक पोळी जास्त वाढली.

१ मार्च
आढावा. ब्रँड: नाही. लवकर उठणे: नाही. नोकरी: रोज दुपारी, दोऱ्याशिवाय, कापडाशिवाय, गिऱ्हाइकाशिवाय शिवणे. पगार नाही, सुट्टी नाही. बॅग अजून भरलेलीच आहे. त्यातला टॉवेल, कंगवा आणि कपडे तेवढे बाहेर काढलेत. हे फक्त काकांची झोप सुधारेपर्यंत.
आज मधेच लय चुकली. पाय पूर्वीसारखा सुटला, धाडधाड. तेवढ्यात कोणीतरी गुडघ्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं. दाबला नाही, नुसता ठेवला. पाय आपोआप हळू झाला.
वारा असणार.
खिडकी मीच लावली होती, पण वाऱ्याचं काय सांगावं. उद्या एक वाजता पुन्हा बघतो.