टायरमधली हवा

अरे,

बाबा परवाच म्हणाले होते, "खडीच्या वाटेवर टायर गच्च भरू नकोस गं, चाक घसरतं." मी म्हटलं, "सायकल मलाही चालवता येते, बाबा." आणि काल संध्याकाळी मोठ्या शहाणपणाने माझ्या सायकलबरोबर त्यांच्या सायकलचीही चाकं दगडासारखी भरून ठेवली. त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आज मी उठायच्या आत ते सायकलवरून त्याच वाटेने पाणथळीकडे गेलेसुद्धा, मोबाइल इथेच चार्जिंगला. तिथे गाड्यांना बंदी म्हणून मी एरवी निर्धास्त असते; पण ते पडले तर उचलायलाही कुणी फिरकायचं नाही.

माझ्या चाकांतली हवा थोडी सोडून त्यांच्या मागे निघालेय. आणि खरं सांगू? तिथल्या लाकडी पुलापाशी रोज अर्धा तास थांबून ते काय बघतात, तेही मला बघायचंय. विचारलं की नुसते हसतात.

बाळ तुझ्या शेजारीच झोपलंय, दुधाची बाटली फ्रिजमध्ये आहे. बाबा दुसऱ्या वाटेने माझ्याआधी घरी पोचले, तर त्यांची कोपरं बघ. विचारत बसू नकोस, "काही नाही" म्हणतील. सरळ बाही वर करूनच बघ.