तिसऱ्या मजल्यावरची खोली

पुणे,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय द्वारका,

अनेक आशीर्वाद.

दसरा नीट पार पडला ना? सुखदेवरावांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस त्यांना. आमची इथे प्रकृती ठीक. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर, योगासनंही वेळेवर. भाजीत मीठ तेवढं कमी असतं, ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

पत्र पाहून दचकली असशील. हल्ली पत्र कोण लिहितं! पण फोन ह्यांच्याकडे असतो. तुझ्या ‘कशी आहेस’ला ‘मजेत’ हे उत्तर हेच टाइप करतात. म्हणून कागद घेतला.

मागच्या महिन्यात वसाहतीतल्या आम्हा सगळ्यांना कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेलं होतं. तिथे एका बाईने आम्हाला ओळखलं, मग तिच्या नणंदेने, मग शाळेच्या सहलीने. वाघापेक्षा आमच्याभोवती गर्दी जास्त. ह्यांनी सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतले. आमचं लग्न कसं जमलं, हेही सांगितलं. म्हणे पहिल्याच भेटीत मी आवडले. तू होतीस ना त्या बैठकीत? पोहे खाऊन हे उठले होते आणि बाबांना म्हणाले होते, ‘कळवतो.’

तू फोनवर म्हणालीस, ‘‘माय वो, किती गोड दिसता तुमी दोघं! गल्लीतल्या साऱ्या बाया तुहाच व्हिडिओ पाहून राह्यल्या.’’ मी हसले, कारण स्पीकर चालू होता आणि हे शेजारी बसले होते. आता खरं सांगते. तो व्हिडिओ काढला तेव्हा आम्ही एकत्र राहत नव्हतो.

घाबरू नकोस. कोर्टबिर्ट काही नाही. धनकवडीचा फ्लॅट विकून ह्या ज्येष्ठांच्या वसाहतीत यायचं ठरलं, तेव्हा मी दत्तूला एवढंच म्हटलं, ‘‘मला वेगळी खोली हवी.’’ तो म्हणाला, ‘‘आई, लोक काय म्हणतील?’’ टोरांटोत बसून त्याला धनकवडीच्या लोकांची काळजी! पण दिली हो त्याने. ह्यांची खोली तळमजल्यावर आणि माझी तिसऱ्यावर.

तू विचारशील, एवढं झालं तरी काय? मारलं का, पितात का? नाही गं. आमच्याकडे तो पेला होता, तू पाहिला आहेस. पाणी हवं की तो टेबलावर आपटायचा. चहा हवा तरी तेच. मी कोणाशी बोलत असले आणि ते आवडलं नाही, तरी तेच. आवाज आला की मी उठायचे. माझं नाव ह्यांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, मला आठवत नाही.

त्या खोलीत मी सकाळी नुसती लोळत पडायचे. रेडिओ लावायचे, कंटाळा आला की बंद करायचे. खिडकीत बसून डब्यातूनच चिवडा खायचे. दत्तू झाला तेव्हाही मी इतकी सुखी नव्हते, हे फक्त तुला सांगते.

जानेवारीत खाली हॉलमध्ये हळदीकुंकू झालं. बायका नाव घ्यायला मागे लागल्या. आपल्याला काय, उखाणे तोंडावर! मी जागच्या जागी जुळवलं:

ना कुकरची शिट्टी, ना दुधाची घाई,
ज्ञानदेवरावांचं नाव घेते, आता मी निवांत बाई!

टाळ्या पडल्या आणि मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी खूश होते त्या खोलीमुळे, आणि जगाला वाटलं नवऱ्यामुळे.

नम्रता म्हणून एक मुलगी आहे, इथलं डिजिटल मार्केटिंग बघते. तिने ते फोनवर टिपलं होतं, मागे खुर्चीत बसलेल्या ह्यांच्यासकट. लाखो लोकांनी पाहिलं. अमेरिकेतून, दुबईतून मुलं विचारू लागली, ‘ह्या आजी-आजोबांसारखी जागा आमच्या आईबाबांना मिळेल का?’ लोक जागा बघायला आले की विचारायचे, ‘ते जोडपं कुठे राहतं?’ मग काय सांगणार, एक तळमजल्यावर आणि एक तिसऱ्यावर? मार्चमध्ये आम्हाला कोपऱ्यावरचा मोठा फ्लॅट दिला, शिवाय सवलत. दत्तू म्हणाला, ‘‘आई, लॉटरीच लागली की!’’ मला कोणी विचारलं नाही. मी खाली गेले असतानाच त्यांनी माझं सामान हलवलं होतं.

आता दर गुरुवारी शूटिंग. हे माझा हात धरतात. हात कसला, मनगट. कॅमेरा बंद झाला की सोडतात, आणि मग पेला.

मी नम्रताला एकदा बाजूला घेऊन सांगितलं. पोर वाईट नाही. सदाशिव पेठेत कॉट भाड्याने घेऊन राहते, तिच्याही डोक्यावर टार्गेट आहे. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘‘आजी, सॉरी, पण दिवाळी कॅम्पेन अख्खं तुमच्यावर आहे. आणि सिंगल रूमला लीड्सच येत नाहीत हो, कोणी चौकशीच करत नाही. कपल कंटेंटच चालतं.’’

वसाहतवाल्यांनी व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तरं देणारं एक यंत्र बसवलंय. त्याला माझा फोटो लावलाय, नावही ‘मथुरा आजी’. गेल्या आठवड्यात हे आंघोळीला गेले असताना मी त्यांच्या फोनवरून त्यावर लिहिलं, ‘मी एकटी आहे. मला एकटीला खोली हवी आहे.’ लगेच उत्तर आलं, ‘नमस्कार! मी मथुरा आजी. मी आणि माझे हे इथे खूप आनंदात आहोत. तुम्हीही जोडीने या ना!’ खाली माझा हसरा फोटो. मी ते पुसून टाकलं आणि फोन होता तिथे ठेवला.

द्वारका, तुझ्या माडीवरची ती खोली, जिथे तुम्ही गव्हाची पोती ठेवता, ती आहे का अजून? पोती राहू देत. मला एका खाटेपुरती जागा पुरे. दत्तूशी मी नंतर बोलेन, आधी बोलले तर तो मला समजावेल आणि मी समजून घेईन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

उद्या सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. तिथल्या पेटीत हे टाकते.

खोली असेल तर फोन करू नकोस, सरळ न्यायला ये. नसेल, किंवा घरात कोणाला पसंत नसेल, तर मला वाईट वाटणार नाही. खोटं कशाला, वाटेल. पण तुझ्यावर राग नाही धरणार. पाडव्याला आमचा नवा व्हिडिओ येईल, मी ह्यांना ओवाळतानाचा. खोली नसेल तर त्याच्याखाली कमेंटमध्ये तू हात जोड, बदाम घाल, जे घालतेस ते घाल. हे मला एकेक वाचून दाखवतात. तुझं नाव आलं की मी समजेन.

तोवर वाट पाहणारी,
तुझी
मथुराताई